पारसनीस गार्डांचा उजवा पाय

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीकांत पारसनीस बूथवरून दूध घेऊन घराकडं येत होते आणि त्यांच्या मागून शेजारच्या कोकिळाबेन त्यांची चप्पल हातात धरून येत होत्या. उजव्या पायातली. बरं, चप्पल हरवणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही, देवळाबाहेर रोज हरवतात. पण चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि पायाच्या मालकाला पत्ताच नाही, हे कुठं ऐकलंय?

"ओ पारसनीसभाई! तमारी चंपल तो रस्तामां रही गई! ध्यान क्यां छे तमारुं?"

नेमका त्याच वेळी लक्ष्मीकांतरावांच्या तळव्याला खडा टोचला आणि त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. अंगठ्याला वरच्या बाजूनं खरचटून रक्त आलेलं, आणि ते कधी आलं देव जाणे. "सात दिवस पोथीत होतो ना, मन अजून तिथंच आहे," असं गुजरातीत काहीतरी बोलून ते हसले, चप्पल पायात अडकवून घरात आले आणि दूध ओट्यावर ठेवलं.

हे लक्ष्मीकांतराव रेल्वेत गार्ड. प्रतापनगरहून डभोईला जाणारी जी छोटी गाडी, तिच्या शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा घेऊन उभा असतो ना, तो माणूस. आजोबा बडोदे संस्थानात हुजूर कचेरीत होते, वडील गणिताचे मास्तर. अशा घरातला मुलगा गार्ड झाला तेव्हा समस्त पारसनीसांनी नाकं मुरडली. वाघोडियाच्या कारखान्यात मॅनेजर असलेले मेव्हणे तर अजून म्हणायचे, "काय लक्ष्मीकांतराव, तुमची खेळण्यातली गाडी काय म्हणते?" म्हणू देत. लक्ष्मीकांतरावांचा जीव होता त्या गाडीवर. त्यातही एका क्षणावर फार. सगळी माणसं चढली, कोंबड्यांच्या टोपल्या चढल्या, पाटीवाल्या बाया चढल्या, की मग गार्डानं शिट्टी वाजवायची, झेंडा हलवायचा. गाडी हलली की तिच्याबरोबर तीन पावलं चालायचं, डाव्या हातानं दांडा धरायचा आणि उजवा पाय उचलून पायरीवर ठेवायचा. सगळ्यांच्या शेवटी. चोवीस वर्षं दिवसातून पंधरा-वीस वेळा हे चाललं होतं आणि त्या पावलाकडं त्यांनी कधी बघितलंही नव्हतं.

आता पोथीचं सांगते. लक्ष्मीकांतरावांना एकुलती एक मुलगी, अवंती. पंच्याण्णव साली बारावी झाली, डॉक्टरकीची सीट चार मार्कांनी हुकली आणि ती फिजिओथेरपीला गेली. रडतखडत नाही हं, हौसेनं गेली. पहिल्या महिन्यापासून घरात हाडं, स्नायू, नसा यांच्याशिवाय बोलणं नाही. आईनं पोळी लाटायला घेतली की ही म्हणायची, "आई, थांब, मनगट असंच धर, हा बघ कुठला स्नायू वर आला!" अहल्याबाई कौतुकानं पोळी जाळायच्या. लक्ष्मीकांतरावांना मात्र ते काही गिळवत नव्हतं. बाहेर कोणी विचारलं तर "मेडिकल लाइनलाच आहे" म्हणायचे. आणि घरात म्हणायचे, "पारसनीसांची पोरगी आता लोकांचे पाय चोळणार!"

"पुन्हा बस परीक्षेला, पुढल्या वर्षी सीट मिळेल," असं त्यांनी तिला दहादा सांगून पाहिलं. ती दहादा नाही म्हणाली. मग त्यांनी तो विषय तिच्याकडून काढून घेतला आणि देवाकडं नेला. कोणाला न सांगता संकल्प सोडला की, महाराज, हिला त्या मालिशच्या कोर्सातून बाहेर काढा.

दत्तजयंतीच्या आधी सात दिवस पोथी वाचायची ही पद्धत बडोद्यात पुष्कळ मराठी घरांतून आहे. पण पारसनीसांची रीत कडक. पणजोबांचा शिसवी पाट होता, बसायला लहानच, कडेला पितळेची पट्टी ठोकलेली. त्या पाटावर मांडी घालायची आणि त्या दिवसाचे अध्याय संपेपर्यंत मांडी मोडायची नाही. इतर घरांत माणसं मधे पाय मोकळे करतात, घोटभर पाणी पितात. पारसनीसांकडं ते चालायचं नाही. त्यातून जेवण एक वेळचं. त्यातून भाद्रपदात कावीळ होऊन लक्ष्मीकांतरावांचं सात किलो वजन उतरलेलं, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. एरवी ते तीन-साडेतीन तासांत उरकायचे, पण या वर्षी मागणं मोठं होतं, म्हणून एकेक ओवी सावकाश, पाच-पाच तास.

पहिले चार दिवस उठताना उजव्या पायाला मुंग्या आल्या. पाचव्या दिवसापासून मुंग्याच यायच्या बंद झाल्या. लक्ष्मीकांतरावांना वाटलं, आसन सिद्ध झालं! संध्याकाळी समाधानानं बायकोला म्हणाले, "अहल्या, आता पाय दुखतसुद्धा नाही बघ." अहो, दुखणार कसा!

आणि आता हे असं. चप्पल निसटून दोन दिवस झाले, चार झाले, पाय जागेवर येईना. म्हणजे पाय होता, उभं राहता येत होतं, खाली दाबता येत होता. फक्त वर उचलला की पंजा लोंबायचा. मग पाऊल टाकताना अंगठा जमिनीला घासायचा, म्हणून ते गुडघा जास्त वर उचलायला लागले, आणि मग पाऊल पडताना फट् असा आवाज यायचा. गाडीचे ड्रायव्हर जशुभाई म्हणाले, "शुं थयुं, साहेब? घोडानी जेम चालो छो!" लक्ष्मीकांतरावांनी बूट चावतो म्हणून सांगितलं.

पण स्वतःला काय सांगणार? त्यांना कारण पक्कं ठाऊक होतं. देवानं उत्तर दिलं होतं. पोरगी आनंदानं जे शिकतेय ते तिच्या पाठीमागून काढून घ्यायला बसलास काय, घे मग. हे कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. आणि दुसरी भीती याहून जवळची होती. फेब्रुवारीत त्यांची रेल्वेची वैद्यकीय तपासणी होती. गार्डाची ठरावीक वर्षांनी होते. डोळे बघतात, कान बघतात, चालवून बघतात. असा पाय बघितला की गाडीवरून उतरवून कुठल्यातरी खोलीत टेबलामागं बसवणार. उरलेली नऊ वर्षं कागद या फायलीतून त्या फायलीत लावायचे आणि गाडीची शिट्टी खिडकीतून ऐकायची.

अहल्याबाईंनी पाय बघितला, वात आहे म्हणाल्या, आणि रोज रात्री गरम तेल लावायला लागल्या. अवंतीला काही बोलायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. "तिची परीक्षा आहे" हे कारण. खरं कारण निराळं होतं. ज्या विद्येला आपण तीन महिने नावं ठेवली तिच्याचपुढं पाय पसरायचा, हे लक्ष्मीकांतरावांच्या जिवावर येत होतं.

लपवलेलं किती दिवस लपणार! पकडलं ते हिंचक्यानं. क्वार्टरच्या व्हरांड्यात छोटा हिंचका, म्हणजे झोपाळा, होता, बडोद्यात राहून घरात हिंचका नाही असं कसं चालेल. रविवारी दुपारी लक्ष्मीकांतराव त्यावर बसून पेपर वाचत होते. पायानं रेटा दिला की हिंचका मागं जायचा, पुढं आला की पुन्हा रेटा. रेटा झकास बसत होता, म्हणूनच तर ते हिंचक्यावर खूश होते, तिथं पाय शहाण्यासारखा वागायचा. आत अवंती अभ्यास करत होती. थोड्या वेळानं तिनं पुस्तक मिटलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, हा खर्र खर्र आवाज कसला येतोय?"

"कड्या कुरकुरतायत. तेल घालायला हवं."

"कड्या वर असतात. आवाज खालून येतोय." ती फरशीवर उकिडवी बसली. हिंचका पुढं येताना बाबांचा अंगठा फरशीवर घासत येत होता. नखाचं टोक झिजून सपाट झालं होतं. "बाबा, पाय वर करा."

"अगं, काही नाही ते."

"वर करा म्हणते ना!"

त्यांनी गुडघा वर केला. ती म्हणाली, "गुडघा नाही. टाच खाली राहू दे, बोटं वर करा." लक्ष्मीकांतरावांनी जोर लावला, कपाळावर शिरा आल्या, ओठ आवळले गेले, डाव्या पायाचीसुद्धा बोटं वर झाली. उजवी जागच्या जागी. अवंतीनं तळव्याखाली हात धरला. "आता दाबा." त्यांनी असा दाबला की तिचा हात फरशीला टेकला.

पोरीचा चेहरा बदललेला त्यांनी पाहिला. ती आतून टाचणी घेऊन आली. तळव्याला हळूच टोचलं, तर लागलं. वरच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी टोचलं, तर काही नाही. मग तिनं त्यांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथं हाडाची एक गोटीएवढी गाठ लागते, तिथं दोन बोटांनी टकटक केलं. झण्ण करून वीज थेट पावलापर्यंत गेली. लक्ष्मीकांतराव हिंचक्यावरून उठलेच.

"इथं!" अवंती ओरडली. तिला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. "बाबा, पाय वर उचलायचा स्नायू नडगीच्या बाजूला असतो, आणि त्याची नस या हाडाला वळसा घालून खाली जाते. इथं तिच्यावर नुसती कातडी असते, बाकी काही नाही. इथं ती दाबली गेलीय. खाली दाबायचा स्नायू पोटरीतला, त्याची नस वेगळी, मागून जाते, म्हणून तो ठीक आहे."

लक्ष्मीकांतरावांच्या मनात एकाएकी डभोईची केबिन उभी राहिली. तिथून सिग्नलपर्यंत रुळांच्या कडेनं तार जाते. केबिनवाल्यानं खटका ओढला, सिग्नलही शाबूत आहे, पण मधे तारेवर दगड पडला तर सिग्नलचा हात हलत नाही. त्यांनी ते बोलून दाखवलं.

"अगदी तस्सं," अवंती म्हणाली. "पण दगड कुठून आला? कशावर टेकून बसला होतात? पाय बांधून ठेवला होता का कोणी?"

उत्तर द्यायला अहल्याबाई दारात उभ्याच होत्या. "बांधून कशाला ठेवायला हवा? पाच-पाच तास त्या पाटावर मांडी घालून बसले होते सात दिवस. मी म्हणत होते, उठा जरा. तर म्हणे आसन मोडतं!"

अवंतीनं पाट आणवला. बाबांना बसवलं. पाट लहान, गुडघा बाहेर आलेला, आणि ती गोटीएवढी गाठ बरोब्बर पितळी पट्टीवर टेकलेली. तिथं कातडीवर अजून तपकिरी वळ होता.

"हे पाटानं केलं, बाबा."

तुम्हाला वाटेल, त्यांना हायसं वाटलं असेल. छे! लक्ष्मीकांतराव उसळलेच. "सात दिवस मी देवापुढं बसलो आणि तू म्हणतेस पाटानं केलं? माझे वडील बसले, आजोबा बसले, त्यांना कसं नाही झालं?"

"त्यांना कावीळ झाली नव्हती. तुमच्या हाडावर चरबी उरलेली नाही. आजोबा केवढे होते, फोटोत मावत नाहीत!"

यावर अहल्याबाईंना हसू फुटलं. लक्ष्मीकांतरावांना नाही फुटलं, कारण खरी गोष्ट अजून त्यांच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी अवंतीनं त्यांना कॉलेजातल्या तिच्या मॅडमकडं नेलं. मॅडमनीही तेच सांगितलं. नस तुटलेली नाही, दबलेली आहे, येईल परत, पण तिच्या चालीनं येईल. दोन महिने लागतील, तीन लागतील, किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. मांडी बंद. आणि गाडीवर जाऊ नका, रेल्वेच्या डॉक्टरांना सांगा.

हे शेवटचं लक्ष्मीकांतरावांनी कानाआड केलं. घरी येऊन अवंतीनं हट्ट धरला तेव्हा हात जोडले. "फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. तोवर पाय येईल. आत्ता सांगितलं तर ते मला उतरवतील गं. एकदा उतरवलं की कोणी पुन्हा चढवत नाही." बाबांनी हात जोडलेले तिनं जन्मात पाहिले नव्हते. ती मुकाट्यानं सायकलच्या दुकानात गेली, जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली, आणि एक टोक बुटाच्या नाडीत, दुसरं टोक नडगीवर बांधलेल्या पट्ट्यात अडकवून दिलं. रबर पंजाला वर ओढून धरायचं. पँट खाली सोडली की दिसायचंही नाही.

पंधरा दिवस त्या रबरावर गाडी चालली. रोज सकाळी ड्यूटीआधी अर्धा तास अवंती समोर बसायची. "वर करा. होत नाही तर मनात करा. बघा त्याच्याकडं, आणि वर करा. धरून ठेवा. अजून. सोडा." पाय दगडासारखा पडून असायचा आणि बाप-लेक दोघंही त्याच्याकडं टक लावून बघत बसायचे.

मग जानेवारीत, संक्रांतीच्या अलीकडंच, डभोईच्या वाटेवरच्या एका छोट्या स्टेशनावर ते घडलं. सकाळचं धुकं होतं. माणसं चढली. लक्ष्मीकांतरावांनी शिट्टी दिली, झेंडा हलवला, गाडी हलली. तीन पावलं चालले, दांडा धरला, उजवा पाय उचलला. आणि ट्यूबची पट्टी तटकन तुटली. पंजा खाली पडला, बुटाचं टोक पायरीच्या खाली अडकलं, दुसरा पाय सुटला. एका हातावर लोंबकळत ते फलाटाच्या कडेनं फरफटत गेले. दहा-बारा हात गेले असतील. खाली चाकं दिसत होती. कसा कोण जाणे दुसरा हात दांड्यावर बसला, गुडघे वर आले आणि ते ब्रेकच्या, म्हणजे गार्डाच्या, डब्यात पालथे पडले.

कोणी पाहिलं नाही. जशुभाई पुढं इंजिनात, त्यांना हिरवा झेंडा दिसला होता, ते निघाले होते. लक्ष्मीकांतराव फळीवर बसून राहिले. पँट फाटली होती, हाताची सालं निघाली होती, त्याचं काही नाही. पण डोक्यातून एक गोष्ट जाईना. हात सुटला असता तर गाडी तशीच पुढं गेली असती. गार्ड नाही, मागं कोणी नाही, आणि आत दोनशे माणसं निवांत शेंगा खात बसलेली. त्या माणसांच्या जिवावर तू तुझा पाय लपवतोयस काय, लक्ष्मीकांता? ते स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले.

डभोईला उतरून ते लंगडत स्टेशनमास्तरांकडं गेले आणि आजारी असल्याचा मेमो स्वतःच्या हातानं लिहून दिला. कारणाच्या जागी लिहिलं, उजवा पाय उचलत नाही. जशुभाईंनी वाचलं. घोड्याची थट्टा आठवून ते इतके ओशाळले की परतीची गाडी सुटायच्या आधी लक्ष्मीकांतरावांना स्वतःच्या जेवणाच्या डब्यातली बाजरीची ढेबरी खायला घातल्याशिवाय त्यांना चैन पडलं नाही. गाडीवर दुसरा गार्ड चढला आणि लक्ष्मीकांतराव प्रवाशांच्या डब्यात बसून आले, चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

रेल्वेच्या डॉक्टरांनी बारा आठवडे दिले. "त्यानंतर बघू. टाचांवर चालून दाखवायचं, पंजे वर उचलून, दहा पावलं. जमलं तर गाडी. नाहीतर दुसरं काम शोधू," असं त्यांनी हिंदीत सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण तोंडावर काही दिसू देत नव्हता.

बारा आठवडे! एरवी माणूस बारा आठवड्यांत काय काय करतो. लक्ष्मीकांतरावांनी फक्त एक पाय वर करायचा प्रयत्न केला. सकाळी कॉलेजात मशीनवर बसायचं. विजेचा झटका बसला की बोटं टुणकन वर उडायची आणि झटका थांबला की मेल्यासारखी खाली. "बघा, स्नायू जिवंत आहे," मॅडम म्हणायच्या. संध्याकाळी अवंती. तिच्या मैत्रिणी पतंग उडवायला गेल्या, सिनेमाला गेल्या, ही बापाच्या पायाशी. पाच आठवडे झाले, काही नाही. सहा झाले, काही नाही. अहल्याबाईंनी तो पाट उचलून माळ्यावर टाकला, वरून दोन गोधड्या लोटल्या, आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही म्हणाल्या. लक्ष्मीकांतराव चिडचिडे झाले. एका संध्याकाळी अवंतीवर खेकसले, "बस्स झालं हे वर करा, वर करा! नाही होत! तुझी ती विद्या काय कामाची?" ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दहा मिनिटांनी डोळे पुसून परत येऊन बसली. "वर करा," म्हणाली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

आठव्या आठवड्यात एका सकाळी ते चप्पल घालून अंगणातल्या नळावर बादली भरायला गेले. भरून आणली. तर अवंती व्हरांड्यात तोंडावर हात ठेवून उभी.

"काय झालं?"

"चप्पल, बाबा."

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल पायातच होती. नळापर्यंत गेली होती आणि परत आली होती. अवंतीनं त्यांना तिथंच पायरीवर बसवलं, बोटं वर करायला सांगितलं. अंगठ्याच्या मागं कातडीखाली एक बारीक दोरी ताणली गेली, पावसाळ्यात भिजलेल्या सुतळीएवढी, आणि अंगठा तांदळाच्या दाण्याइतका वर आला. तेवढाच. पण आला. अहल्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि मग विचार बदलून ती अवंतीच्याच तोंडात घातली.

तांदळाच्या दाण्याचं बोट झालं, बोटाची दोन बोटं झाली. बारा आठवडे एप्रिलात संपले. तपासणीच्या दिवशी अवंती कॉलेज बुडवून बरोबर गेली. डॉक्टरांनी कागद समोर ओढला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. कधी झालं? कशानं झालं? किती वेळ बसला होता?

"पोथी वाचायला बसलो होतो. रोज पाच तास. सात दिवस."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "पाच तास? कशासाठी? देवाकडं मागायचं तरी काय होतं एवढं?"

हा काही कागदावरचा प्रश्न नव्हता. माणसानं माणसाला सहज विचारलेला. "असंच, घरची रीत" म्हणून सुटता आलं असतं. भिंतीशी अवंती त्यांचे बूट हातात धरून उभी होती. लक्ष्मीकांतरावांनी तिच्याकडं पाहिलं, आणि चार महिने पोटात धरून ठेवलेलं त्यांच्यानं आणखी धरवेना. हिंदी सोडून ते मराठीतच बोलले, म्हणजे डॉक्टरांशी बोललेच नाहीत.

"ही जे शिकतेय ते सुटावं म्हणून बसलो होतो. हिला न विचारता. चुकलं माझं."

अवंतीनं बूट खाली ठेवले आणि ती खोलीबाहेर गेली.

डॉक्टरांना शब्द कळले नसतील, पण काहीतरी झालं एवढं कळलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "चलिए, चलके दिखाइए." लक्ष्मीकांतराव टाचांवर उभे राहिले. समोर कोणी "वर करा" म्हणणारं नव्हतं. सहा पावलं झाली, सातव्याला उजवा पंजा थरथरून खाली यायला लागला. धरून ठेवा, ते स्वतःशी पुटपुटले, तिच्याच सुरात. अजून. आठ. नऊ. दहा. डॉक्टरांनी पंजावर हात ठेवून दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, मग कागदावर सही केली. "किसने एक्सरसाइज कराया?"

"मेरी बेटीने. फिजिओथेरपिस्ट है." जरा थांबून त्यांनी दुरुस्ती केली. "हो रही है."

बाहेर लांबलचक व्हरांड्यात बाकांवर पेशंट बसले होते. टोकाच्या बाकावर अवंती होती. नाक लाल, डोळे लाल. लक्ष्मीकांतराव अनवाणीच तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि कागद पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"मला एकदा विचारायचं तरी होतं, बाबा."

"हो."

"मी सांगितलं असतं, मला हे आवडतं म्हणून."

"तू सांगितलंस गं. दहादा सांगितलंस. मीच ऐकलं नाही."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. मग कागदाकडं न बघता त्यांच्या पायाकडं बघितलं, आणि बाकावरून उतरून तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसली. एका हातानं टाच धरली, दुसऱ्या हाताची बोटं पावलाच्या वरच्या बाजूला टेकवली, दोरी चाचपायला. पेशंट बघायला लागले. एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"अगं, ऊठ," लक्ष्मीकांतराव गडबडून म्हणाले. "लोकांना वाटेल पाया पडतेयस. खरं तर मीच तुझ्या..."

"गप्प बसा हो बाबा," ती म्हणाली. "वर करा."

त्यांनी पंजा वर केला.

"धरून ठेवा."

आणि लक्ष्मीकांतराव पारसनीस त्या भर व्हरांड्यात, एका हातानं खिडकीचा गज धरून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, ती सोडा म्हणेपर्यंत पाय वर धरून उभे राहिले.